अण्णांची सही

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचली तरी चालेल. पण घरात कुणाचा कॅन्सरचा इलाज चालू असेल, तर आजच वाचा.

परवा रात्री गावाकडून एका मित्राचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांना तोंडाचा कॅन्सर झालाय, मुंबईला नेलंय. तिथं डॉक्टरांनी एका ट्रायलमध्ये भाग घ्याल का म्हणून विचारलं आणि हातात पाच-सहा पानांचा कागद दिला. मित्र घाबरलेला. "आमच्या माणसावर प्रयोग करणार म्हणत्यात. तू यातनं गेलायस. सांग, सही करू का नको?"

मी विचारलं, "सही कुणाची मागितलीय?"

"सासऱ्यांचीच. पण त्यांना कुठं सांगितलंय अजून काय झालंय ते!"

फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. कारण २०१८ च्या ऑगस्टमध्ये मी नेमका याच जागी उभा होतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वीज मंडळात लाइनमन होते. जुनी सातवी पास. आयुष्यभर तंबाखू-चुना मळला. २०१७ मध्ये गालाच्या आत जखम झाली, तोंड उघडेना. योजनेतून ऑपरेशन झालं, शेक झाले, आम्ही सुटलो म्हणालो. वर्ष व्हायच्या आत त्याच बाजूला पुन्हा गाठ आली. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता ऑपरेशन होणार नाही, टाटाला नेऊन बघा. आणि जाता जाता म्हणाले, "पेशंटला काही बोलू नका. खचतील."

आम्ही ते शब्दशः पाळलं. आई, तात्या, मी, तिघांनी ठरवलं की 'तो' शब्द घरात काढायचाच नाही. अण्णांना सांगितलं, ऑपरेशनची जखम चिघळलीय. फाइल कायम माझ्या पिशवीत आणि पिशवी कायम माझ्या खांद्याला. झोपतानासुद्धा उशाला. याला आम्ही प्रेम म्हणत होतो.

कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून दादरला उतरलो. गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली, ती मिळाली म्हणून मुंबई झेपली. दोन-तीन दिवस तपासण्यांत गेले. मग डॉक्टरांनी मला आत बोलावून स्पष्ट सांगितलं की हा आजार आता मुळापासून जाणार नाही. औषधानं वाढ थोपवता येईल, दुखणं कमी करता येईल, जितके दिवस आहेत ते बरे जातील असं बघता येईल. आणि एक ट्रायल चालू आहे, त्यात यायचं का तो विचार करा.

ट्रायल साधी होती. अशा रुग्णांना दोन प्रकारचे इलाज द्यायचे आणि तुलना करायची. एका गटाला दर तीन आठवड्यांनी सिस्प्लाटिन नावाचं औषध सलाईनमधून. दुसऱ्या गटाला घरी घ्यायच्या गोळ्या: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब रोज दोनदा. दोन्ही गोळ्या जुन्याच. पहिली संधिवाताच्या पेशंटला देतात, दुसरी सांधेदुखीवर देतात. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतील अशा. कोणाला कुठला इलाज मिळणार हे डॉक्टर ठरवणार नाहीत, आपणही नाही. कॉम्प्युटर ठरवणार.

मी म्हणालो, "डॉक्टर, यातलं चांगलं कुठलं ते सांगा आणि तेच द्या की."

ते म्हणाले, "ते आम्हाला माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती?"

हे वाक्य तेव्हा मला उडवाउडवीचं वाटलं. आज वाटतं, त्या सगळ्या दिवसांत कुणी माझ्याशी बोललेलं ते सगळ्यात प्रामाणिक वाक्य होतं.

तात्यांना फोन केला, तर ते भडकलेच. "आपली माणसं काय उंदीर हायती व्हय? खाजगीत दाखवू, एखादा एकर गेला तर जाऊ दे." मी कोंडीत. शेवटी विचार केला की सही करून टाकू, निदान इथले डॉक्टर नीट लक्ष तरी देतील. (हा विचार चुकीचा होता. सही केली नाही तरी नेहमीचा इलाज तसाच मिळतो. ते त्या कागदावर लिहिलेलंच होतं. मी वाचलं नव्हतं.)

ट्रायलचं काम बघणारी एक तरुण मुलगी होती. मी तिला म्हणालो, "द्या कागद, मी करतो सही. मुलगा आहे."

ती म्हणाली, "काका शुद्धीवर आहेत, त्यांना वाचता येतं, सगळं समजतं. मग त्यांच्याऐवजी तुम्ही कशी कराल?"

मी खालच्या आवाजात सांगितलं, "त्यांना माहीत नाहीये."

तिच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. तिनं हे वाक्य रोज ऐकलं असणार. "मग आधी ते सांगावं लागेल. त्याशिवाय या कागदाला काही अर्थ नाही."

मला तिचा राग आला. अख्ख्या घरानं दीड वर्ष जपलेलं एक गुपित ही पोरगी एका कागदासाठी फोडायला निघालीय, असं वाटलं. बाहेर बाकावर अर्धा तास बसून राहिलो. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "तुम्ही बसा सोबत. मी बोलतो."

डॉक्टरांनी अण्णांना सगळं सांगितलं. सावकाश, मराठीत, मध्ये मध्ये थांबून. कॅन्सर हा शब्दही उच्चारला. मी खाली फरशीकडे बघत होतो. बोलणं संपल्यावर अण्णा माझ्याकडे वळले.

"पाटी वाचता येती मला. टाटा कशाचा दवाखाना हाय ते काय ठावं न्हाई व्हय? तुमास्नी वाईट वाटंल म्हणून गप बसलो हुतो."

म्हणजे आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून. एकाच धर्मशाळेत, एकाच सतरंजीवर.

मग त्यांनी तो कागद मागून घेतला. चष्मा लावला आणि वाचायला बसले. मी म्हणालो, "अण्णा, मी वाचलंय, ठीक आहे सगळं." (खोटं होतं ते.) त्यावर ते जे बोलले ते मी आजपर्यंत विसरलो नाही. "लेका, दुसऱ्यानं सांगितलं लाइन बंद हाय म्हणून म्या कधी खांबावर चढलो न्हाई."

ज्यांच्या घरात लाइनमन आहे त्यांना कळेल. परमिट घेतल्याशिवाय, लाइन बंद असल्याची स्वतः खात्री केल्याशिवाय खांबाला हात लावायचा नसतो. परमिटवर सही ज्याची, जीव त्याचा.

वाचून झाल्यावर त्यांनी प्रश्न विचारले. चिठ्ठी कोण काढणार? कॉम्प्युटर, म्हटल्यावर म्हणाले, "म्हंजी सरपंचाच्या आरक्षणाची सोडत निघती तसं." डॉक्टर हसले, म्हणाले, "तसंच. फक्त इथं वशिला चालत नाही." मध्येच सोडावंसं वाटलं तर? सोडता येईल, कारण सांगायची गरज नाही, पुढचा इलाज बंद होणार नाही. औषधाचा त्रास झाला तर? त्याचा इलाज इथंच होईल. आणि शेवटचा प्रश्न, "ह्यातनं मला काय फायदा?" डॉक्टर म्हणाले, "खात्रीनं सांगता येत नाही. दोन्हींपैकी कुठलाही इलाज मिळाला तरी तो इलाजच आहे. पण यातून जे कळेल ते बहुतेक तुमच्यानंतरच्या लोकांना उपयोगी पडेल."

अण्णांनी थोडा वेळ घेतला आणि सही केली. ऑफिसातल्या रजिस्टरवर करायचे तशी, पूर्ण नाव, खाली तारीख.

सोडतीत सलाईन निघालं.

त्याचं वर्णन फार करत नाही. ज्यांनी सिस्प्लाटिन बघितलंय त्यांना माहीत आहे. दर तीन आठवड्यांनी रात्रीची गाडी, दिवसभर सलाईन, मग दोन-तीन दिवस उलट्या, तोंडाला चव नाही, बोटांना मुंग्या, कानात सतत आवाज. परतीच्या प्रवासात ते खिडकीला डोकं टेकून असायचे.

पण त्या सहीनंतर आमच्या घरात एक गोष्ट बदलली. फाइल अण्णांकडे गेली. डॉक्टरांशी तेच बोलायला लागले, मी मागे. दोन सलाईनच्या मधल्या दिवसांत त्यांनी शेताची कागदपत्रं आईच्या नावावर करायला लावली. कुणाचे किती द्यायचे-घ्यायचे ते वहीत लिहून दिलं. दोन वर्षं अबोला असलेल्या भावाला स्वतः फोन लावला. हे सगळं 'चिघळलेल्या जखमे'च्या माणसानं केलं नसतं. आपण किती दिवसांचे आहोत हे ज्याला कळलंय त्यानंच केलं.

चौथ्या सलाईननंतर ते म्हणाले, "आता बास." मी समजावायला लागलो, तर म्हणाले, "कागदावर लिवलंय की, कवाबी सोडता येतंय." कुणी रागावलं नाही. वेदनांच्या विभागात नाव घातलं, मॉर्फिनच्या गोळ्या मिळाल्या, त्यांनी शेवटचे आठवडे सुसह्य गेले. मधूनमधून त्या मुलीचा फोन यायचा, काका कसे आहेत म्हणून. औषध सोडलं तरी हिशोबातून माणूस वगळत नाहीत, हे तिच्याकडूनच कळलं. २०१९ च्या फेब्रुवारीत अण्णा घरी गेले, स्वतःच्या खाटेवर. तिचा पुढचा फोन मी घेतला. सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तारीख विचारून घेतली.

२०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये घरात बसलेलो असताना त्या ट्रायलचा निकाल आला. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात छापून आला. इंग्रजीतला तो लेख मी मोबाइलवर चार वेळा वाचला. एकूण ४२२ रुग्ण. २१३ जणांना गोळ्या, २०९ जणांना सलाईन. गोळ्यांच्या गटातले निम्मे लोक साडेसात महिन्यांपेक्षा जास्त जगले. सलाईनच्या गटात हाच आकडा ६.१ महिने. औषधाचे गंभीर दुष्परिणाम सलाईनच्या गटात ३० टक्के लोकांना, गोळ्यांच्या गटात १९ टक्के.

म्हणजे गोळ्या सरस ठरल्या. आणि अण्णा त्या २०९ मध्ये होते.

खोटं बोलत नाही, त्या रात्री मला खूप राग आला. चिठ्ठी दुसरी निघाली असती तर? कदाचित दीड महिना जास्त. कदाचित काहीच नाही, कारण असे आकडे गटाचे असतात, एका माणसाचे नसतात. पण निदान त्या रात्रीच्या गाड्या वाचल्या असत्या, त्या उलट्या वाचल्या असत्या. मग हळूहळू लक्षात आलं की त्या २०९ लोकांशिवाय उरलेल्या २१३ लोकांच्या आकड्याला काही किंमतच नाही. तुलना कशाशी करणार? गोळ्या सरस आहेत हे अण्णांच्या सलाईननं सिद्ध केलं.

'दीड महिना म्हणजे काय मोठं?' असं कुणी म्हणेल. ज्यांनी शेवटचे महिने मोजलेत त्यांना विचारा. आणि त्याहून मोठी गोष्ट ही, की तो माणूस ते दिवस गावात, घरात, नातवंडांत काढतो, सलाईनसाठी दर तीन आठवड्यांनी रेल्वेत नाही.

आता मुद्द्याचं. असा प्रश्न विचारणार कोण? जुन्या, स्वस्त गोळ्यांत कुठल्याही औषध कंपनीला नफा नाही, त्यामुळे ती अशी ट्रायल करायला पैसे घालणार नाही. हा प्रश्न आपल्याच सार्वजनिक रुग्णालयाला पडतो, कारण रोज दारात उभा राहणारा पेशंट कुर्डुवाडीहून आलेला असतो. टाटा मेमोरियल केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली चालतं, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशावर. तिथल्याच डॉक्टरांनी २०२२ मध्ये पुढची पायरी गाठली. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं महागडं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, अशाच गोळ्यांच्या जोडीला देऊन बघितलं. १५१ रुग्णांच्या त्या ट्रायलमध्ये नुसत्या गोळ्यांच्या गटातले १६ टक्के लोक वर्षभर जगले, औषध जोडलेल्या गटातले ४३ टक्के. या दुसऱ्या ट्रायलचा पाया पहिलीनं घातला. पहिलीत अण्णा होते.

पण मित्राची भीती उगीच नाही, हेही सांगायला हवं. आपल्या देशात सह्यांचा इतिहास चांगला नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देण्याचा प्रकल्प झाला. आंध्रात कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर आई-बापाऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती, आज ती जगभर दिली जाते. खोट त्या सहीत होती. पण विश्वास उडाला तो लसीवरचा.

आणि आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. १९९९ पासून उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांवर बायका एका मोठ्या अभ्यासात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. आयुष्यात एकदाच केलेली एचपीव्ही तपासणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे त्यातून कळलं. आठ वर्षांत त्या गटात ३४ मृत्यू, आणि जवळपास तेवढ्याच मोठ्या, पण तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या ६४ जणींचं काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा. २००९ मध्ये निकाल जगभर गाजला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हीच तपासणी प्रथम पसंतीची म्हणून सांगितली. पण आज धाराशिवच्या एखाद्या खेड्यातली तिशी-पस्तिशीतली बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली तर तिला ती सहज मिळते का? आपल्या भागातल्या आशाताईंना विचारून बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे. सही म्हणजे उपकार नाही आणि बळी जाणंही नाही. तो व्यवहार आहे, आणि व्यवहाराला दोन बाजू असतात. पेशंटनं स्वतः वाचून, समजून सही केली, आपली बाजू पाळली. आता समोरच्याची पाळी. ट्रायल संपल्यावर निकाल काय लागला हे त्या घराला मराठीत, एका पानात का कळवत नाहीत? मला तो इंग्रजीत, तोही शोधून वाचावा लागला. आणि ज्यांच्या सह्यांवर ते ज्ञान उभं राहिलं त्यांच्या तालुक्यात ते औषध, ती तपासणी पोचवायला किती वर्षं लागावीत? हे प्रश्न आमदार-खासदारांना विचारायचे आहेत. नुसतं नवीन इमारतीचं उद्घाटन केल्यावर टाळ्या वाजवून भागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मित्राला फोन केला. म्हणालो, सही करा की नको, हे मी सांगणार नाही, तूही सांगू नकोस. कागद मराठीत मागून घे, एक प्रत घरी आण. ट्रायलचा नोंदणी क्रमांक आहे का बघ. देशातली प्रत्येक ट्रायल सरकारच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदवावी लागते आणि ती यादी कुणालाही मोबाइलवर बघता येते. नुकसान झालं तर इलाज आणि भरपाई कोण देणार ते कागदात लिहिलेलं असतं, ते वाच. एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, शंका असेल तर लाव. यातलं एखादं जरी नसेल तर उठून ये. पण त्या आधी एक काम कर. सासऱ्यांना खरं सांग.

तो म्हणाला, "खचले तर?"

मी म्हणालो, "त्यांना बहुतेक माहीत आहे. ते तुमच्यासाठी गप्प बसलेत."

आज संध्याकाळी त्याचा मेसेज आला. फक्त एवढंच: "सांगितलं. चष्मा मागितला त्यांनी."